स्मृतिभ्रंश आणि निवासी शुश्रूषा

स्मृतिभ्रंश झालेल्या वडिलांसाठी शुश्रूषागृह पाहावयास मंडळी सकाळी जातात आणि स्वच्छ दालने पाहून संतुष्ट होतात. वस्तुतः जावे ते तिन्हीसांजेला. पुष्कळ रुग्णांची अस्वस्थता याच वेळी वाढते. परिचारक त्यांना दटावतात की हात धरून फिरवून आणतात, यावरून संस्थेची खरी पारख होते.

खर्चाचा प्रश्न याहून बिकट. विमा सहसा रुग्णालयातील उपचारांपुरताच. नित्य सांभाळाचा भार घरावर पडतो. वडिलांच्या ठेवी असतात, पण जाणतेपणी सही करण्याइतकी समज उरलेली नसते. मुखत्यारपत्रही निरुपयोगी ठरते, कारण १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या २०१ व्या कलमान्वये ते देणाऱ्यास बुद्धिभ्रंश होताच मुखत्यारी संपुष्टात येते. मग पालक नेमून घेण्यासाठी उच्च न्यायालयाची पायरी चढणे आले. तेव्हा निदान होताच, समज शाबूत आहे तोवर, ठेवी संयुक्त नावे करून घ्याव्यात; आणि तेही सर्व भावंडांच्या देखत.