सांघिक प्रश्नमंजुषा घेताना



स्नेहसंमेलनाच्या आठवड्यात आपल्या शाळेत सांघिक प्रश्नमंजुषा होते. टाळेबंदीच्या वर्षी, म्हणजे २०२० मध्ये, ती मोबाइलवर घ्यावी लागली. तेव्हापासून पुण्याला, हैदराबादला गेलेले माजी विद्यार्थीही आपापले संघ करून घरबसल्या भाग घेतात. यंदा हा कार्यक्रम नववी-दहावीच्या मुलांनीच चालवावा असा विचार आहे. म्हणून प्रश्नकर्त्याच्या खुर्चीत बसून जे ध्यानात आले ते येथे मांडतो. सुरुवात माझ्या चुकीपासूनच करतो.

एका वर्षी अंतिम फेरीत मी विचारले, "राजुरा तालुका पूर्वी कोणत्या जिल्ह्यात होता?" माझ्या कागदावर उत्तर होते, आदिलाबाद. एका संघातील मुलीने सांगितले, "नांदेड." मी ते चूक ठरवून प्रश्न पुढच्या संघाकडे दिला. त्यांनी आदिलाबाद सांगून पाच गुण मिळवले आणि तेवढ्याच गुणांनी ढाल जिंकली. कार्यक्रमानंतर ती मुलगी जवळ येऊन म्हणाली, "सर, आजीचं माहेर राजुऱ्याचं आहे. ती नांदेडच सांगते."

घरी जाऊन पाहिले, तर आजी बरोबर होती. हैदराबाद संस्थानाच्या काळात राजुरा आदिलाबाद जिल्ह्यात होता हे खरेच. पण १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत तो मुंबई राज्यात गेला तो नांदेड जिल्ह्यात, आणि १९५९ मध्ये तेथून चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर जिल्ह्यात. उत्तरे दोन्ही बरोबर, चूक होता तो प्रश्न. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी मी ते सर्वांसमोर कबूल केले. ढाल मात्र देऊन झाली होती.

आपल्या भागात असा घोटाळा होणे फार सोपे आहे. किनवटही १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होते. बासरचे सरस्वती मंदिर आदिलाबाद जिल्ह्यात असे जुन्या पुस्तकांत सापडेल, पण ११ ऑक्टोबर २०१६ रोजी जुन्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले आणि बासर निर्मल जिल्ह्यात गेले. कुमराम भीम यांचे जोडेघाट आज त्यांच्याच नावाच्या आसिफाबाद जिल्ह्यात आहे. २ जून २०१४ पूर्वीच्या पुस्तकात राज्याचे नावच वेगळे. तेव्हा ठिकाणाविषयी प्रश्न काढताना त्यात वर्ष घालावे. "१९५५ साली राजुरा कोणत्या जिल्ह्यात होता?" असे मी विचारले असते तर वाद उरला नसता. "सर्वांत मोठा", "सर्वांत उंच", "पहिला" हे शब्द दिसले की दोनदा तपासावे. कुंतला धबधबा सर्वांत उंच आहे का, यावर भांडण होईल. तो कोणत्या नदीवर आहे, यावर होणार नाही. (कडेम.)

आता सांघिक म्हणजे काय, ते पाहू. 'कौन बनेगा करोडपती' २००० साली सुरू झाले तेव्हापासून प्रश्नमंजुषा म्हटले की एकटा माणूस, चार पर्याय आणि धडधडते संगीत हेच चित्र डोळ्यांपुढे येते. त्याआधी रेडिओवर बोर्नव्हिटा क्विझ कॉन्टेस्ट असे, १९८५ पासून दूरदर्शनवर सिद्धार्थ बसूंचे 'क्विझ टाइम' असे. तेथे शाळा-कॉलेजांचे संघ एकमेकांशी कुजबुजून उत्तर देत. आपल्याला हवी ती कुजबुज. नाही तर एक हुशार मुलगा सगळी उत्तरे देतो आणि उरलेले तिघे शोभेला बसतात.

कुजबुज व्हायची तर प्रश्नही तसा हवा. माझा आवडता प्रश्न असा: पैनगंगेत सोडलेली कागदाची होडी न बुडता समुद्राला पोचली, तर ती ओळीने कोणकोणत्या नद्यांतून जाईल? पैनगंगा वर्धेला मिळते हे एकाला ठाऊक असते. वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते हे दुसऱ्याला आठवते. प्राणहिता गोदावरीला मिळते हे तिसरा सांगतो. उत्तर एकच, पण ते तिघांच्या डोक्यांतून मिळून येते. किंवा हा प्रश्न घ्या: केसलापूरच्या नागोबाच्या जत्रेसाठी मेस्राम कुळातील मंडळी पायी जाऊन कोणत्या नदीचे पाणी आणतात? गोंड घरातील मूल हे झोपेतही सांगेल, गोदावरी. एरवी मागच्या बाकावर बसणारे मूल अशा वेळी संघाचे पुढारी होते. म्हणून एका संघात एकाच वर्गमित्रांची टोळी न ठेवता वेगवेगळ्या वर्गांतील, वेगवेगळ्या घरांतील मुले ठेवावीत आणि उत्तर सांगणारा नायक दर फेरीला बदलावा.

प्रश्न पुढे सरकवण्याच्या पद्धतीत एक अन्याय दडलेला असतो. कठीण प्रश्न सोडणाऱ्या संघाच्या शेजारी बसलेल्यांना आयते गुण मिळत राहतात. त्यावर उपाय सोपा: अर्धे प्रश्न डावीकडून उजवीकडे आणि अर्धे उलट दिशेने फिरवावेत. दर फेरीत एक-दोन प्रश्न सर्व संघांना एकदम विचारून उत्तर कागदावर लिहून घ्यावे.

बाहेरगावचे संघ मोबाइलवर असतील तर घंटीची फेरी ठेवूच नये. आवाज कोणाकडे आधी पोचतो, कोणाकडे नंतर. त्यात हुशारीचा प्रश्न नसून नेटवर्कचा आहे. प्रत्येक संघाने विचारविनिमयासाठी आपला वेगळा व्हॉट्सॲप गट करावा आणि नायकाने उत्तर फक्त गुणलेखकाला पाठवावे. प्रश्न दोनदा वाचून झाल्यावर चाळीस सेकंद मोजावीत. त्यानंतर आलेले उत्तर धरू नये. गूगलवर शोधण्याचा मोह होणारच. एका शब्दात सापडणारे प्रश्न त्यामुळे निरुपयोगी ठरतात. होडीच्या प्रश्नासारखे दोन-तीन दुवे जोडायला लावणारे प्रश्न चाळीस सेकंदांत शोधून काढणे अवघड जाते.

उत्तर मराठीत, तेलुगूत, गोंडीत, उर्दूत की इंग्रजीत आले यावरून गुण कापू नयेत. प्रश्नकर्त्याने आपल्या कागदावर चालणारी सर्व नावे आधीच लिहून ठेवावीत. शंका आली तर तिथल्या तिथे निकाल न देता गुण राखून ठेवावेत, पुस्तक उघडावे आणि मगच ढाल द्यावी. हे मी उशिरा शिकलो.

यंदाचे प्रश्न मुलांकडूनच मागवत आहोत. एका कागदावर एकच प्रश्न, खाली उत्तर, आणि ते कोठून मिळाले तेही लिहावे. आजीकडून मिळाले असेल तर तसे लिहावे.