परसातील माळवे

गोदावरीच्या दक्षिणेस, बीड जिल्ह्याच्या उत्तर भागात गेवराई हा तालुका आहे. येथील काळ्या जमिनीत ज्वारी, कापूस, तूर व हरभरा ही पिके पिढ्यान्‌पिढ्या होत आली आहेत. पैठणच्या जायकवाडी धरणाचे काम 1976 साली पूर्ण झाले आणि त्याच्या उजव्या कालव्याचे पाणी या भागातील काही गावांच्या शेतांत खेळू लागले. तथापि कालव्यापासून दूर असलेल्या गावांना अजूनही पावसाच्या तोंडाकडेच पाहावे लागते, आणि हा पाऊस भरवशाचा नाही. अशा मुलुखात परसात भाजीपाला, म्हणजे इकडच्या बोलीत माळवे, लावावे असे कोणी सुचविले, तर ऐकणारा सहज विचारील, "प्यावयास पाणी पुरत नाही, तेथे कोबी कशावर पिकवावयाचा?" हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर न्हाणीपाशी सापडते.

चार माणसांच्या घरात आंघोळीचे व धुणीभांड्यांचे मिळून रोज कितीतरी बादल्या पाणी वाहून जाते. डाळ-तांदूळ धुतलेले व भाज्या धुतलेले पाणी तर अगदी स्वच्छ असते. ते सरळ वाफ्यात घालावे. न्हाणीच्या पाण्यात साबण असतो, म्हणून आपल्याकडे ते प्रथम अळू आणि कर्दळ यांच्या आळ्यात सोडण्याची चाल आहे. कपडे धुण्याच्या पावडरीचे पाणी मात्र भाजीला घालू नये. त्यातील क्षारांनी काळी जमीन चिकट व घट्ट होत जाते. तसेच जी भाजी कच्ची खावयाची, तिला सांडपाणी कधीही देऊ नये. एवढे पथ्य पाळले, तर वेगळे पाणी न शेंदताही वाफा-दोन वाफे हिरवे राहू शकतात.

या वाफ्यांत काय लावावे हे ऋतूने ठरवावे. पावसाळ्यात तांदुळजा, माठ आणि अंबाडी. दिवाळीनंतर मेथी, पालक, चुका, शेपू, करडई. यांतील तांदुळजा आणि घोळ ही तर पेरावीही लागत नाहीत. त्यांचे बी जमिनीत असतेच. पहिली सर पडली की ती आपण होऊन उगवतात, आणि अजाण माणूस त्यांना तण समजून उपटून टाकतो.

कोबी हा या मंडळीत पाहुणा होय. त्याचे मूळ घर युरोपातील समुद्रकाठ. पोर्तुगीज लोक त्याला 'कोव' म्हणत. त्यावरून आपला 'कोबी' शब्द आला. फुलकोबी व नवलकोल दिसावयास किती निराळे! परंतु वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ही तिन्ही एकाच जातीची भावंडे आहेत. माणसाने एकाचे फूल वाढविले, दुसऱ्याचे खोड फुगविले आणि तिसऱ्याची शेंड्याची कळी मोठी केली. कोबीचा गड्डा म्हणजे पानांनी घट्ट मिटलेली एक प्रचंड कळीच आहे.

या पाहुण्याला थंडी लागते. भाद्रपद-आश्विनात बी टाकून महिन्या-सव्वा महिन्याने रोपे हात-दीड हात अंतरावर लावली, तर पौष-माघात गड्डे तयार होतात. प्रस्तुत लेखकाने एकदा आळसाने ही लावणी माघात केली. पाने भरघोस आली, पण उन्हाळा लागताच ती पसरत गेली आणि गड्डा एकाही रोपाने धरला नाही. शेजारी चार ओळी मोहरी पेरावी. पाने खाणाऱ्या अळीचा पतंग मोहरीवर अंडी घालणे अधिक पसंत करतो आणि कोबी पुष्कळसा वाचतो.

आता स्वयंपाकघरात येऊ. पुष्कळ घरांत कोबीची भाजी मुलांना नकोशी वाटते, ती तिच्या उग्र वासामुळे. हा दोष कोबीचा नसून शिजविण्याचा आहे. कोबीत गंधकयुक्त द्रव्ये असतात. भाजी जितकी जास्त वेळ शिजेल, तितके त्यांचे विघटन होऊन दुर्गंधी वायू अधिक निर्माण होतात. म्हणून कोबी बारीक चिरावा, भिजविलेली हरभऱ्याची डाळ फोडणीत आधी परतून घ्यावी, आणि मग कोबी घालून तो किंचित करकरीत असतानाच खाली उतरावा. वरून पाणी घालण्याचे कारण नाही. कोबीच्या शंभर भागांत सुमारे 92 भाग पाणीच असते. शंभर ग्रॅम कच्च्या कोबीत क जीवनसत्त्व सुमारे 36 मिलिग्रॅम असते. ते पाण्यात विरघळते व उष्णतेने नष्ट होते. म्हणून चिरल्यावर धुऊ नये, आधी धुवावा व मग चिरावा. लिंबू पिळून केलेली कोबीची पचडी या दृष्टीने सर्वांत उत्तम.

इतर पालेभाज्यांना हाच नियम लागतो, पण सरसकट नव्हे. पालेभाज्यांतील अ जीवनसत्त्वाचे मूळ द्रव्य पाण्यात नव्हे, तर तेलात विरघळते. तेव्हा भाजीवर घातलेली करडईच्या तेलाची व लसणीची फोडणी ही केवळ जिभेची चैन नाही. कोवळी मेथी चिरून, कांदा, दाण्याचा कूट, तिखट-मीठ व कच्चे तेल घालून केलेला घोळाणा ज्वारीच्या भाकरीबरोबर खाल्ला, म्हणजे या दोन्ही गोष्टी साधतात. अंबाडी मात्र अपवाद आहे. तिचा आंबटपणा इतका की, उकडून पहिले पाणी पिळून काढल्यावाचून ती घशाखाली उतरत नाही. त्या पाण्याबरोबर काही सत्त्व जाते खरे. पण नुसती पौष्टिक म्हणून कोणी भाजी खात नाही, ती रुचलीही पाहिजे. उकडलेली अंबाडी ज्वारीच्या कण्या व तुरीची डाळ घालून घोटतात. अशी आंबट भाजी बिनकल्हईच्या पितळेच्या भांड्यात ठेवू नये. ती कळकते आणि बाधते. लोखंडी कढई तिला चालते, उलट थोडे लोहही भाजीत उतरते.

ही लोहाची गोष्ट क्षुल्लक नाही. 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या रक्तात लोहयुक्त रक्तद्रव्य कमी आढळले. पालेभाजीतील लोह शरीरात सहज शोषले जात नाही, पण जेवणात लिंबू, कैरी किंवा आवळा असला तर ते अधिक शोषले जाते. घरात सर्वांच्या मागून जेवणारीच्या ताटात भाजी बहुधा तळाची व थोडी येते, हेही येथे ध्यानात घेतले पाहिजे. वाफा तिच्या हाताने वाढलेला असतो.

हिवाळ्यातील सर्वांत स्वस्त भाजी परसातही लावावी लागत नाही. हरभरा महिना-सव्वा महिन्याचा झाला की त्याचे शेंडे खुडतात. त्यामुळे झाडाला फांद्या फुटतात, आणि खुडलेल्या शेंड्यांची भाजी होते. या पाल्यावर आंबट रस असतो. त्यालाच आंब म्हणतात. पहाटे पिकावर स्वच्छ फडके पसरून तो दवाबरोबर टिपून घेत. खुडणारांच्या बोटांना त्या आंबेने दिवसभर चुरचुरते. हा पाला सावलीत वाळवून मडक्यात भरून ठेवतात. वैशाखात विहिरी आटतात, वाफे उजाड होतात, बाजारातील भाजी महागते. त्या दिवसांत हा चुरा मडक्यातून काढून, डाळीचे पीठ लावून, पातळ भाजी करतात आणि वर लाल मिरचीची फोडणी देतात.