लिस्टवर कुणाचं नाव

सकाळचे साडेनऊ वाजलेत. ऑर्थो ओटीतल्या फ्रॅक्चर टेबलवर सत्तरीच्या आजी आहेत. न्हाणीघरात घसरल्या, खुब्याशी हाड मोडलं. कमरेखालची स्पायनल भूल देऊन झालीय आणि मी त्यांच्या डोक्याशी, एक डोळा मॉनिटरवर. भूलतज्ज्ञाला पडद्यापलीकडचं सगळं दिसतं, ऐकूही येतं.

या कामाला पैलवानाची ताकद लागते म्हणणाऱ्यांनी इथे यावं. पाय कुणीच ओढत नाहीये. पाऊल टेबलाच्या बुटात बांधलंय आणि दुसऱ्या वर्षाची रेसिडेंट मुलगी दांडा फिरवतेय. मॅडम, आमच्या सहयोगी प्राध्यापक, शेजारी उभ्या. "अजून थोडं. आता आत वळव. बास. मामा, शूट." सी-आर्मच्या एक्स-रे पडद्यावर तुकडे एका रेषेत येतात.

मुलीच्या अंगातला शिशाचा एप्रन पुरुषी मापाचा आहे. खांद्यावरून घसरतोय, काखेशी चांगलीच फट. स्तनाचा कर्करोग सर्वाधिक उद्भवतो तो वरचा, बाहेरचा भाग नेमका त्या फटीत. अमेरिकेतल्या महिला अस्थिशल्यचिकित्सकांच्या पाहणीत हा कर्करोग अपेक्षेपेक्षा जास्त आढळला होता. कारण एप्रनच, असं सिद्ध नाही. पण लहान मापाचा एप्रन मागवायला सिद्धता कशाला हवी? मॅडम चिकटपट्टी मागवतात आणि फट बंद करतात.

दोघी स्क्रब होऊन येतात. गाईडवायर, रीमर, मग नेल. हातोडीचा आवाज होतो. आजी जाग्याच. "कोण ठोकतंय गं बाई?"

"डॉक्टर मॅडम."

"पोरगी होय? मग दमानं ठोकेल."

तेवढ्यात विभागप्रमुख सर दारातून डोकावतात. "मॅडम, बुधवारी क्लबफूटची ओपीडी तुम्ही बघा. मुलं तुमच्याकडे रडत नाहीत." खुब्याची रिव्हिजन केस, म्हणजे आधीच्या शस्त्रक्रियेची दुरुस्ती, मॅडमच्या हाताखाली शिकलेल्या एका पुरुष सहकाऱ्याला. क्लबफूटचं प्लास्टर हे बारीक हाताचं काम आहे, कमी प्रतीचं मुळीच नाही. पण बढतीच्या कागदावर वर्षं आणि शोधनिबंध मोजले, तरी परिषदेत व्यासपीठावर बोलावतात ते रिव्हिजन करणाऱ्याला.

मॅडम काही बोलायच्या आत सर हसतात, "आता कुठे राहिलाय भेदभाव!" रूथ जॅक्सन यांना अमेरिकन बोर्डाचं प्रमाणपत्र मिळालं १९३७ मध्ये, बाईला मिळालेलं पहिलं. तिथल्या अस्थिशल्य अकादमीला पहिली महिला अध्यक्ष मिळाली २०१९ मध्ये. सरांचं 'आता' बरंच ऐसपैस आहे.

शेवटचा स्क्रू बसतो. टाके घालता घालता मुलगी विचारते, "मॅडम, लॉगबुकात असिस्टेड लिहू ना?"

"नेल कुणी घातला?"

"मी."

"मग देखरेखीखाली स्वतः केली, असं लिही. सही मी करते. आणि बुधवारी प्लास्टर आपण आठलाच सुरू करू, दहाला रिव्हिजनसाठी स्क्रब व्हायचंय."

"पण सर म्हणाले…"

"लिस्ट अजून टाइप व्हायचीय. चल, त्यांच्या केबिनमध्ये जाऊन येऊ."