पेशीचा कारभार (लेखांक २३) : कड साफ, तरी गाठ परत?

नांदगावच्या एका निवृत्त गुरुजींचं पत्र आलं आहे आणि त्यातला प्रश्न बाजूला सारून पुढे जाणं बरं दिसणार नाही. त्यांच्या थोरल्या भावांनी जन्मभर तंबाखूचा बार गालात धरला. गालाच्या आत गाठ झाली, ऑपरेशन झालं, रिपोर्टात ‘मार्जिन क्लिअर’ आलं. दीड वर्षात शेजारीच दुसरी गाठ. गुरुजी विचारतात, ‘कड साफ होती, मग हे आलं कुठून? रिपोर्ट खोटा होता का?’

गुरुजी, रिपोर्ट खरा असूनही असं घडतं. सर्जन गाठीबरोबर भोवतालचा निरोगी दिसणारा भागही काढतो. पॅथॉलॉजिस्ट त्या कडेचे पातळ काप रंगवून पाहतो. त्याला दिसतं ते पेशीचं रूप : केंद्रक फुगलंय का, थर जागच्या जागी आहेत का. आतला कारभार बिघडला आणि रूप अजून शाबूत असलं, तर त्या रंगात काहीच उमटत नाही.

आपल्याकडे तोंडाच्या कॅन्सरची नीट नोंद फार आधी सुरू झाली. मुंबईचं टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ साली उघडलं. तिथल्या प्रयोगशाळेची धुरा वाहणाऱ्या डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी १९४४ मध्ये मुंबईतल्या तोंडाच्या कॅन्सरच्या लागोपाठ एक हजार रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. पुढे १९५३ मध्ये अमेरिकेत स्लॉटर आणि सहकाऱ्यांनी ७८३ रुग्णांच्या गाठींभोवतालचं अस्तर तपासलं आणि सांगितलं, की नासते ती एकटी गाठ नव्हे, भोवतालचा सगळा पट्टाच नासत आलेला असतो.

पण नासतो म्हणजे काय होतं? जनुकांतले बदल त्यात आहेतच. आज माझा लाडका गडी, फोर-ई. जनुकाचा निरोप वाहणाऱ्या एम-आरएनएच्या टोपीला धरून त्याला प्रथिनं घडवणाऱ्या रायबोसोमपर्यंत नेणारं हे प्रथिन. निरोगी पेशीत ते मुद्दाम तुटपुंजं ठेवलेलं असतं. त्यातलंही बरंचसं दुसऱ्या एका प्रथिनाने धरून ठेवलेलं, वाढीचा हुकूम आला की तेवढ्यापुरतं सोडलेलं.

तुटपुंज्या फोर-ईचं गणित असं : नांदगावच्या एसटी स्टँडवर गाड्या कमी असल्या की धडधाकट माणसं चढतात आणि बोचकी घेतलेली म्हातारी खालीच राहते. गाड्या वाढवल्या तर फायदा कोणाचा? धडधाकट तसेही चढलेच असते. फायदा म्हातारीचा. ॲक्टिनसारख्या रोजच्या प्रथिनांच्या एम-आरएनएचं सुरुवातीचं शेपूट आखूड आणि सरळ असतं, त्यांचं काम थोड्या फोर-ईवर भागतं. वाढीला जोर देणारं मिक, नव्या रक्तवाहिन्या फुटवणारं व्हीईजीएफ यांचं शेपूट लांब आणि स्वतःभोवतीच गुंडाळलेलं. फोर-ई वाढलं, की नेमकी यांचीच प्रथिनं भराभर तयार होतात. मिकच्या जनुकात एक अक्षरही बदललेलं नसताना!

मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात नाहूम सोनेनबर्ग यांच्या गटाने १९९० मध्ये हे उंदराच्या पेशींत करून दाखवलं. फक्त फोर-ई वाढवलं आणि साध्या पेशी कॅन्सरसारख्या वागू लागल्या, उंदरांत टोचल्यावर गाठी झाल्या.

गुरुजींच्या प्रश्नाचं उत्तर १९९७ च्या एका कामात आहे. लुईझियानातल्या डॉक्टरांनी डोक्या-मानेच्या कॅन्सरच्या रुग्णांच्या ‘साफ’ ठरलेल्या कडांत फोर-ई तपासलं. काहींच्या कडांत ते वाढलेलं सापडलं. रोग परतण्याचं प्रमाण त्यांच्यातच जास्त निघालं. रूप निरोगी होतं, कारभार आधीच फिरला होता.

ही तपासणी आजही नेहमीच्या रिपोर्टात येत नाही, त्यामुळे आपल्या हाती दोनच गोष्टी उरतात. ‘मार्जिन क्लिअर’ म्हणजे ती गाठ पुरती निघाली. तोंडातला बाकीचा पट्टा बरा झाला, असं तो कागद म्हणत नाही. म्हणून तंबाखू आणि मिश्री कायमची बंद करायची. आणि डॉक्टरांनी दिलेली फेरतपासणीची तारीख, दुखत नसलं तरी, कांदा काढणीच्या दिवसांत आली तरी, चुकवायची नाही.