पिसदुऱ्याच्या शेणातलं गवत

चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोरा तालुक्यात पिसदुरा नावाचं गाव आहे. तिथल्या शिवारात करडे-तपकिरी, लांबट गोळे मिळतात. हातात घेतले तर धोंडेच वाटतात. पण ते डायनासोरांच्या काळातलं, साडेसहा-सात कोटी वर्षांपूर्वीचं शेण आहे.

शेण इतकं टिकतं कसं? उघड्यावर पडलं तर किडे, जिवाणू आणि पाऊस त्याची माती करून टाकतात. टिकायचं तर ते लवकर गाळाखाली जायला हवं. पिसदुऱ्याला तेव्हा नद्या आणि पाणथळ जमीन होती. गाळ बसला, हवा तुटली, कुजणं मंदावलं. गाळातून झिरपणाऱ्या पाण्यातली खनिजं मग आत साठत गेली आणि गोळ्याचा दगड झाला. हाडांचंही असंच होतं. पुढे या प्रदेशावर दख्खनचा लाव्हा पसरला. वरचे थर झिजले तसे हे जीवाश्म पुन्हा उघडे पडले.

मला खरं नवल वाटतं ते त्या गोळ्याच्या आत जे सापडलं त्याचं. वनस्पती मुळांतून पाण्याबरोबर विरघळलेली सिलिका शोषतात आणि ती पेशींत साठवतात. भाताचं तूस जाळल्यावर उरणाऱ्या राखेत बहुतांश हीच सिलिका असते. पान कुजलं, चावलं गेलं, पोटातून बाहेर पडलं, तरी पेशीच्या आकाराचे हे सूक्ष्म कण शाबूत राहतात. गवताच्या कणांचे आकार तर इतके वेगळे, की सूक्ष्मदर्शकाखाली त्यावरून कुळीसुद्धा ओळखता येते.

वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रॉमबर्ग, अशोक साहनी आणि सहकाऱ्यांनी पिसदुऱ्याच्या गोळ्यांत हेच कण शोधले. 2005 साली ‘सायन्स’मध्ये त्यांनी दाखवून दिलं, की डायनासोरांच्या काळात गवत होतं, त्याचे निदान पाच प्रकार होते, आणि त्यांत आजच्या भात-बांबूचे नातलगही होते. गवताचा पसारा डायनासोर संपल्यानंतरचा, हा तोवरचा समज त्यामुळे बदलावा लागला. अर्थात हे शेण टाकणारे प्राणी नुसत्या गवतावर जगत नव्हते; त्याच शेणात ताडवर्गीय आणि सूचिपर्णी झाडांचेही अंश आहेत.

शेण नेमकं कुणाचं, हे मात्र गोळ्यावरून थेट कळत नाही. त्याच थरांत टायटॅनोसॉर या प्रचंड शाकाहारी डायनासोरांची हाडं मिळाली, म्हणून ते त्यांचं असावं असं मानतात. हा अंदाज सगळा जागेवर उभा आहे. कुणी हौसेनं गोळा उचलून घरी नेला, की तो कुठल्या थरातला, शेजारी काय होतं, हे पुन्हा जुळवता येत नाही.