तीनच रंग कशासाठी?

१९६४ साली अमेरिकेतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेत ‘ओमेगा-ऋण’ नावाचा कण सापडला आणि मरे गेल-मान यांचे भाकीत खरे ठरले. पण त्याबरोबर एक अडचणही दारात येऊन उभी राहिली. त्याच वर्षी गेल-मान व जॉर्ज झ्वाइग यांनी मांडलेल्या कल्पनेनुसार हा कण तीन अगदी एकसारख्या क्वार्कांचा. तिघांचे परिवलनही एकाच दिशेस. पाउली यांचा विवर्जन नियम तर असे दोन जुळे एकाच अवस्थेत नांदू देत नाही. मग तिघे कसे नांदावेत?

ऑस्कर ग्रीनबर्ग, तसेच मू-यंग हान व योइचिरो नाम्बू यांच्या विवेचनातून वाट निघाली. हे क्वार्क सारखे भासले तरी त्यांचा एक गुप्त गुण निरनिराळा असतो. त्यास पुढे ‘रंग’ म्हणू लागले. (रंगपंचमीशी त्याचे काही नाते नाही!) क्वार्क तीन, म्हणून रंगही निदान तीन. परंतु एका कणाखातर निसर्गाच्या माथी तीन रंग मारणे, ही पळवाट तर नव्हे?

ही शंका पायॉनाने फेडली. उदासीन पायॉन दोन प्रकाशकणांत विघटित होतो. रंग न धरता त्याचा विघटनदर काढला, तर तो प्रत्यक्षाच्या नवव्या हिश्शाएवढाच येतो. तीन रंग धरले की हिशेब जुळतो.

तथापि संख्या कळली म्हणजे सममिती कळली असे नव्हे. तीन रंगांची अदलाबदल करणारे गणिती गट एकाहून अधिक आहेत. एसओ (३) हा गट घेतला, तर रंगाच्या दृष्टीने क्वार्क व प्रतिक्वार्क यांत भेदच उरत नाही. मग दोन क्वार्कांचे, अपूर्णांकी विद्युत्‌भाराचे जोडकण मोकळे हिंडताना दिसावयास हवे होते. ते कोणास आढळले नाहीत. यू (३) घ्यावा, तर तीन त्रिक नऊ ग्लुऑन येतात, आणि त्यांतील नववा स्वतः रंगहीन. त्याला कोंडून ठेवणार कोण? प्रोटॉन-न्यूट्रॉनांमध्ये त्याने दूरवर पोहोचणारे प्रबळ बल उत्पन्न केले असते आणि आपल्या ओळखीचे जगच उरले नसते. तो नववा वगळला की राहतो आठ ग्लुऑनांचा एसयू (३). १९७३ साली हाराल्ड फ्रिट्श, गेल-मान व हाइनरिख लॉइटवायलर यांनी याच गटाचा पुरस्कार केला.

रंग तीनच का, हे मात्र हा सिद्धांत सांगत नाही. १९७४ साली हॉवर्ड जॉर्जाय व शेल्डन ग्लॅशो यांनी त्यास एसयू (५) या मोठ्या गटात सामावून पाहिले. त्यातून निघाले ते असे, की प्रोटॉनही अमर नाही. त्याचे मरण टिपण्यासाठी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ जपानी सहकाऱ्यांसह १९८० च्या दशकात कोलारच्या सोन्याच्या खाणीत, दोन किलोमीटरहून अधिक खोलीवर, पहारा देत होते. काही संशयास्पद घटना तेथे नोंदल्या गेल्या. परंतु अन्यत्रच्या मोठ्या उपकरणांनी त्यांस दुजोरा दिला नाही.