दवाखान्यातली दोन जेवणं

वजनकाट्यावर आकड्याकडे पाठ करून उभं राहायचं. आकडा नर्स बघते, वहीत लिहिते आणि त्यावर एक शब्दही बोलत नाही. खाण्याच्या विकारातून सावरणाऱ्या मुलीचा डे-केअरमधला दिवस पुष्कळ ठिकाणी असा सुरू होतो. ती सकाळी येते, सहा ते आठ तास तिथे राहते, दोन जेवणं आणि एखाद-दोनदा मधलं खाणं तिथेच करते आणि संध्याकाळी घरी जाते. आठवड्यातून चार-पाच दिवस, कित्येक महिने.

आपल्याकडे या आजाराला नाव नाही. ‘तिला अन्न जात नाही’, ‘अंगाला लागत नाही’, ‘लग्नाचं टेन्शन घेतलंय’ असं म्हणतात, नाहीतर बाहेरचं काही बघून घ्या म्हणतात. डॉक्टर मात्र यात वेगवेगळे आजार ओळखतात. जाड होण्याच्या धास्तीनं उपाशी राहणं म्हणजे ॲनोरेक्सिया. लंडनच्या विल्यम गल यांनी 1870 च्या दशकात हे नाव रूढ केलं. भडाभडा खाऊन नंतर ओकून टाकणं म्हणजे बुलिमिया. त्याचं वर्णन जेराल्ड रसेल यांनी 1979 साली केलं. तिसऱ्या प्रकारात माणूस ताबा सुटल्यासारखं खातो, पण ओकत नाही. बुलिमियातली मुलगी बघायला चांगली दिसते, म्हणून घरच्यांना पत्ता लागत नाही. पण सततच्या उलट्यांनी रक्तातलं पोटॅशियम उतरतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात. कधीकधी दातांच्या आतल्या बाजूची झीज बघून दातांच्या डॉक्टरलाच पहिल्यांदा शंका येते. हा आजार मुलग्यांनाही होतो, त्यांचा तर आणखी उशिरा लक्षात येतो.

दिवसा उपचार आणि रात्री घर ही पद्धत हिंगोली जिल्ह्याला अगदी अनोळखी नाही. अंगणवाडीतलं ग्राम बाल विकास केंद्र याच धर्तीवर चालतं. सहा महिने ते पाच वर्षांच्या बाळाच्या दंडाला पट्टी लावतात. घेर 11.5 सेंटिमीटरपेक्षा कमी भरला की बाळ तीव्र कुपोषित. मग त्याची भूक तपासतात. भूक शाबूत असेल आणि दुसरा आजार नसेल, तर ते दिवसा अंगणवाडीत थोडं थोडं, पुन्हा पुन्हा खातं आणि रात्री आईजवळ झोपतं. भूक मेली असेल किंवा दोन्ही पायांवर सूज असेल, तर थेट रुग्णालयात.

खाण्याच्या विकाराच्या डे-केअरमध्येही दारातच अशी चाळणी असते. जागेपणी नाडी 50 च्या खाली, उभं राहिल्यावर रक्तदाब पडणं, चक्कर येऊन कोसळणं, जीव द्यायची भाषा, यातलं काही असेल तर आधी भरती. फार दिवस उपाशी राहिलेल्या शरीराला एकदम भरपूर खाऊ घालणंही धोक्याचं असतं. अन्न आलं की पेशी रक्तातलं फॉस्फेट ओढून घेतात आणि हृदय अडचणीत येतं. म्हणून सुरुवातीला रक्त तपासत तपासत अन्न वाढवतात. अंगणवाडीतल्या बाळाला घास मिळाला की ते खातं. या मुलीपुढे ताट भरलेलं असतं आणि हात पुढे जात नाही. सगळा उपचार या एवढ्या अंतरासाठी आहे.

म्हणून डे-केअरमधलं खरं औषध म्हणजे जेवणच. याचं कारण एका जुन्या प्रयोगात सापडतं. 1944-45 मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सल कीज यांनी स्वखुशीनं पुढे आलेल्या 36 निरोगी, धडधाकट तरुणांना 24 आठवडे अर्धपोटी ठेवलं. ते चिडचिडे आणि उदास झाले. एकेक जेवण लांबवत बसू लागले, पाककृतींची पुस्तकं वाचू लागले. त्यांना दुसरं काही सुचेना. त्यांच्यापैकी कुणालाही आधी खाण्याचा विकार नव्हता. डोक्यातला अन्नाचा घोळ बराचसा उपासमारीतूनच जन्मतो. पोट रिकामं असताना समजावणं डोक्यात शिरत नाही, म्हणून बोलण्याआधी ताट.

जेवणाला साधारण अर्धा तास. कर्मचारी त्याच टेबलावर, शक्यतो तेच जेवण घेऊन बसतात. ताट ठरलेलं असतं: आपल्या भागात म्हटलं तर भाकरी, वरण-भात, भाजी, दही, शेंगदाण्याची चटणी आणि तिच्यावर तेल. ते तेलच नडतं. भाकरीचे दाण्याएवढे तुकडे करणं, भाजीतलं तेल ताटाच्या कडेला निथळवणं, घासागणिक पाणी पिणं, तुकडा ओढणीत लपवणं हे सगळं समोर बसलेल्या माणसाला दिसतं. तो ओरडत नाही. ‘तेल लावूनच घे’, ‘आता पुढचा घास’ एवढंच म्हणतो. किती कॅलरी आहेत यावर ताटावर वाद घालायचा नाही, हा पक्का नियम. बोलणं पावसाचं, परीक्षेचं, भावंडांचं.

जेवणानंतरचा तास मला सगळ्यात कठीण वाटतो. पोट जड झालेलं असतं आणि ते रिकामं करण्याची ओढ अनावर असते. त्या तासात एकटीनं बाथरूमला जायचं नाही. सगळ्यांनी एकत्र बसायचं, हाताला काही काम घ्यायचं आणि मनात काय चाललंय ते सांगायचं. ओढ चढते, टिकते आणि उतरते. ती उतरते हे स्वतः अनुभवल्याशिवाय कुणाच्या सांगण्यावरून पटत नाही.

उरलेल्या वेळात समुपदेशन, आरशाविषयी आणि शरीराविषयी बोलणारे गट, स्वयंपाक, बाजारहाट. कधी हॉटेलात जाऊन खाण्याचा सरावही.

मग संध्याकाळी घरी का पाठवायचं? दवाखान्यात शिकलेला घास घरच्या ताटात उतरतो का, हे घरीच कळतं म्हणून. सकाळी ती काल रात्रीची हकिगत घेऊन येते: काय खाल्लं, काय टाकलं, कोण काय बोललं. त्यावर त्याच दिवशी काम होतं. जर्मनीत 11 ते 18 वर्षांच्या 172 मुलींवर झालेल्या अभ्यासात सगळ्यांना आधी तीन आठवडे भरती ठेवलं, मग काहींना डे-केअरमध्ये हलवलं आणि बाकीच्यांना तिथेच ठेवलं. वर्षभरानंतर डे-केअरच्या मुली वजनात मागे नव्हत्या आणि खर्चही कमी आला होता. हा निष्कर्ष 2014 साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. सुधारणा दिसली की पाच दिवसांचे तीन होतात, तिनाचा एक.

सेनगाव किंवा औंढ्याच्या मुलीनं रोज अशा केंद्रात जाऊन यायचं, हे आज होण्यासारखं नाही. पण याचे सुटे भाग जवळपास आहेत. सुरुवात जिल्हा रुग्णालयातून होऊ शकते. पुढच्या तपासणीसाठी नांदेडला डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. 10 ऑक्टोबर 2022 ला सुरू झालेली टेलि-मानस सेवा 14416 या क्रमांकावर मोफत मिळते. आठवड्याचं वजन उपकेंद्रातल्या एकाच काट्यावर, सिस्टरांच्या हातून व्हावं. आणि रोजची ताटं घरी.

घरच्यांच्या हाती जेवण सोपवणं ही तडजोड नाही. लंडनच्या मॉड्सली रुग्णालयात 1980 च्या दशकात किशोरवयीन मुलींसाठी हीच उपचारपद्धती घडली. आधी काय आणि किती खायचं हे आईवडील ठरवतात. वजन सावरलं की तो निर्णय हळूहळू मुलीकडे जातो. अर्ध्या ते एका वर्षात साधारण वीस भेटी होतात. यात आईला दोष देत नाहीत, तिला कामाला लावतात. आई शेतात गेली असेल तर काकू, आजी, मोठा भाऊ, कुणीही एकानं समोर बसायचं. दोन खाण्यांत तीन-चार तासांहून जास्त अंतर पडू द्यायचं नाही. शाळेतल्या डब्याच्या वेळी एखाद्या मॅडमना जवळ बसायला सांगायचं. ‘किती वाळलीस’ आणि ‘आता कशी भरलीस’ ही दोन्ही वाक्यं घरातून बंद. दुसरं जास्त घातक आहे, कारण ते कौतुक म्हणून म्हटलं जातं आणि मुलीला ‘जाड झालीस’ असं ऐकू येतं.

राहिला उपास. एकादशी, चतुर्थी, सोमवार, नवरात्राचे नऊ दिवस. नरसी नामदेवच्या या जिल्ह्यात उपास हा श्रद्धेचा भाग आहे आणि म्हणूनच आजाराला त्याच्याआड लपायला सगळ्यात सोपं जातं. पोरगी देवाचं करतेय म्हटल्यावर कोण अडवणार? मधुमेही माणसाला डॉक्टर उपास नको म्हणतात तेव्हा घर ऐकतं, तसं इथेही ऐकतं, फक्त ते डॉक्टरांच्या तोंडून यायला हवं. पहिल्याच भेटीत केसपेपरवर ‘बरी होईपर्यंत उपास करायचा नाही’ असं मराठीत लिहून मागावं आणि तो कागद आजीच्या हातात द्यावा.